स्मार्ट घर करायचंय? आधी मीटरबोर्ड बघा, मग मोबाईल काढा

नमस्कार श्रोतेहो. चवथ जवळ आली की आपल्याकडे गोव्यात घराघरांत रंगकाम निघतं, वायरिंगची राहिलेली कामं निघतात, आणि हल्ली त्याच वेळी घरातलं कुणीतरी तरुण पोर म्हणतं, बाबा, बोर्ड उघडलाच आहे तर स्मार्ट स्विच, म्हणजे फोनवरून चालणारे स्विच, पण बसवून घेऊया. बसवा, जरूर बसवा, मला स्वतःला ही गोष्ट फार आवडते आणि विशेषतः ज्या घरात वयस्कर माणसं एकटी राहतात तिथे तर तिचा खरा उपयोग आहे. पण आज मला सुरुवात कशी करायची एवढंच सांगायचंय, कारण बहुतेक जण दुकानात जाऊन आधी बल्ब आणि बोलणारा स्पीकर घेऊन येतात आणि मग याचं करायचं काय ते शोधत बसतात.

उलट करा. घरात रोज त्रास होतो असं एकच काम पकडा. मागीलदारचा दिवा बंद करायला आईला गुडघे दुखत असताना परत उठावं लागतं, टाकी भरून पाणी वाहून जातं, गिझर चालू राहतो. यातलं एक. ते नीट जमलं, महिनाभर घरच्यांनी कुरकुर न करता वापरलं, की मग दुसरं.

आणि आधी मीटरबोर्ड. वायरमनला बोलावून दोन गोष्टी विचारा, अर्थिंग बरोबर आहे का आणि तीस मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, बसवलाय का. आपल्याकडे मे संपता संपता आणि परत ऑक्टोबरात जो गडगडाट होतो त्यात राउटर आणि टीव्ही जळाल्याचं दरवर्षी ऐकायला येतं. स्मार्ट स्विच म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक्स आलं, तो जुन्या खटक्यासारखा दणकट नसतो, त्याला व्होल्टेजचा झटका सोसत नाही. म्हणून मेन बोर्डात असा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर बसवून घ्या, आणि त्याचाही उपयोग अर्थिंग चांगलं असेल तरच, हे लक्षात ठेवा. त्यासाठी जातील ते पैसे मला कुठल्याही बोलणाऱ्या स्पीकरपेक्षा महत्त्वाचे वाटतात.

मग वायफाय. आपली जुनी घरं चिऱ्यांची, भिंती जाड, बाहेर बल्कांव म्हणजे बसायचा ओटा, मागे न्हाणीघर वेगळं, आणि राउटर असतो पुढच्या खोलीत टीव्हीच्या मागे कोंबलेला. सिग्नल दोन भिंती ओलांडून जाता जाता मरतो. राउटर घराच्या मध्याला, जरा उंचावर, उघड्यावर ठेवा. दुसरं म्हणजे बहुतेक स्वस्त स्मार्ट वस्तू फक्त 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात, 5 वर नाही, आणि ते बरंच आहे कारण 2.4 चा सिग्नल भिंतीतून जास्त लांब जातो. नवीन वस्तू जोडताना छोटा दिवा नुसता लुकलुकत राहतो आणि जोडलंच जात नाही ना, तर बऱ्याचदा कारण एवढंच असतं की फोन 5 च्या नेटवर्कवर असतो. आणि राउटरला एक छोटा डीसी यूपीएस, म्हणजे बॅटरीचा डबा, लावा, म्हणजे लाईट गेली तरी वायफाय तेवढा वेळ चालू राहील.

आता पहिली वस्तू. माझ्या मते स्मार्ट प्लग, कारण त्याला वायरिंगला हात लावावा लागत नाही, जमला नाही तर काढून ठेवता येतो. फक्त प्लगवर किती अँपिअर लिहिलंय ते वाचा. 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टवर जवळपास पावणेनऊ अँपिअर घेतो, तीन किलोवॅटचा इन्स्टंट गिझर तर तेराच्या आसपास, तेव्हा 6 किंवा 10 अँपिअरचा प्लग त्याला लावू नका, 16 चाच घ्या. विहिरीचा पंप असेल तर आणखी सांभाळून. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, त्यात स्मार्ट स्विचच्या आतला रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा छोटा खटका, चिकटून बसतो, आणि चिकटला की फोनवर बंद दिसतं आणि पंप चालूच राहतो. पंपाला मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा करंट सोसणारा दणकट स्विच, घालून घ्यायचा आणि स्मार्ट स्विचने फक्त तो कॉन्टॅक्टर चालवायचा. हे काम वायरमनकडूनच करून घ्या.

दिव्यांसाठी दोन रस्ते आहेत, स्मार्ट बल्ब किंवा बोर्डाच्या आत बसणारं मॉड्यूल, आणि मी सरळ सांगतो, राहत्या घरात मॉड्यूल. बल्बची अडचण अशी की पाहुण्याने सवयीने भिंतीवरचं बटण बंद केलं की बल्बची वीजच गेली, मग फोनवरून काहीही करा तो पेटत नाही. मॉड्यूल काडेपेटीएवढं असतं, बोर्डाच्या मागे बसतं, एका बाजूला फेज आणि न्यूट्रल येतात, एक वायर दिव्याकडे जाते, आणि दोन बारीक वायरी तुमच्या जुन्याच बटणाला जातात. म्हणजे आईने भिंतीवरचं बटण दाबलं तरी दिवा लागतो आणि मुलाने पुण्याहून फोनवर दाबलं तरी लागतो. मात्र बोर्डात न्यूट्रल वायर आहे का ते आधी उघडून बघा, काही जुन्या बोर्डांत नुसती फेजच उतरवलेली असते.

माझा आग्रह इथेच आहे श्रोतेहो. इंटरनेट गेलं, राउटर जळला, कंपनीचं काही झालं, तरी भिंतीवरचं बटण चाललंच पाहिजे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या घरातला दिवा लावायला पोराला फोन करावा लागू नये. कंपनीचं काही होत नाही असं वाटत असेल तर, अमेरिकेत इन्स्टिऑन नावाची कंपनी होती, 2022 च्या एप्रिलात तिचे सर्व्हर अचानक बंद झाले आणि लोकांचं ॲप घरच्या दिव्यांशी बोलेनासं झालं, नंतर काही ग्राहकांनीच पुढे होऊन ती विकत घेतली तेव्हा ती परत उभी राहिली. म्हणून घेताना विचारा, हे इंटरनेटशिवाय घरातल्या घरात चालतं का. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मॅटर नावाचं एक सामाईक स्टँडर्ड आलं, त्याची खूण असलेली वस्तू घरातल्या नेटवर्कवरच चालते आणि गूगल, ॲलेक्सा, ॲपल तिन्हीकडे जोडता येते, फक्त तिला एक हब लागतो, म्हणजे मॅटर चालवणारा स्पीकर वगैरे.

आणखी एक सेटिंग, जे आपल्याकडे फार गरजेचं आहे. पावसात रात्री लाईट जाते आणि पहाटे तीनला येते, तेव्हा काही स्मार्ट बल्ब आपोआप पूर्ण उजेडात पेटतात, सगळं घर जागं. ॲपमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं असा पर्याय असतो, तिथे आधी होता तसा राहू दे किंवा बंद राहू दे, असं पहिल्याच दिवशी करून ठेवा.

बाहेरच्या दिव्याला घड्याळाची वेळ लावू नका, सूर्यास्त लावा. गोव्यात नोव्हेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि जुलैत सातच्याही पुढे, तेव्हा वर्षभर एकच वेळ लावली तर कधी तासभर अंधार, कधी उगाच उजेड. सूर्यास्त निवडला की तुळशीपुढचा दिवा बरोबर तिन्हीसांजेला लागतो. ज्यांची घरं सांखळीला नाहीतर पेडण्याला बंद असतात आणि माणसं मुंबईत, त्यांना तर एवढं एकच काम सुरुवातीला पुष्कळ आहे.

पंखा स्मार्ट रेग्युलेटरवर घालण्यापेक्षा कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखाच घ्या, साधा पंखा पंचाहत्तर वॅट खातो, हा तीस-पस्तीस, आणि रिमोटही येतो. एसीला छोटा आयआर ब्लास्टर मिळतो, तो फोनच्या सांगण्यावरून रिमोटसारखा किरण सोडतो, पण त्याचा किरण भिंतीतून जात नाही, त्याच खोलीत, एसीसमोर ठेवावा लागतो. समुद्राजवळ राहत असाल तर उघड्यावरच्या सेन्सरमध्ये खारी हवा जाते, मुंग्या बोर्डात घर करतात, तेव्हा पाऊस ओसरला की एकदा मेन बंद करून वायरमनकडून झाकणं उघडून साफ करून घ्या.

स्मार्ट लॉकबद्दल एकच, किल्लीची फट असलेलाच घ्या. कॅमेरा गेटवर, अंगणात लावा, झोपायच्या खोलीत नको, आणि पेइंग गेस्ट ठेवत असाल तर त्यांच्या खोलीत तर अजिबात नाही. कॅमेऱ्याचा आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. 2016 साली मिराय नावाच्या व्हायरसने जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, आणि ते कशामुळे, तर कंपनीचा मूळ पासवर्ड कुणी बदललाच नव्हता म्हणून.

आणि हे सगळं लावताना अकाउंट कुणाच्या नावावर करताय ते ठरवा. बरेचदा दुबईहून नाहीतर लंडनहून सुट्टीवर आलेला मुलगा आपल्या फोनवर सगळं जोडतो आणि निघून जातो, आणि इथे राउटर बदलला की घरात कुणालाच काही करता येत नाही. अकाउंट घरात राहणाऱ्याच्या नंबरवर करा, मुलाला त्यात मेंबर म्हणून घाला, वायफायचा आणि ॲपचा पासवर्ड एका वहीत लिहून ती वही घराच्या कागदपत्रांबरोबर कपाटात ठेवा, आणि कुठल्या बोर्डात काय बसवलंय ते वायरमनच्या समोरच त्या वहीत लिहून घ्या. नमस्कार.