शहरं रेल्वेने, गावं गाडीने

नमस्कार श्रोतेहो.

थिवी किंवा मडगावच्या स्टेशनाबाहेर आपण रोज पाहतो. रात्रभर रेल्वेत काढलेलं कुटुंब उतरतं, काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची गाडी घेतं आणि किनाऱ्याची वाट धरतं. परदेशात जाताना आपल्याला मात्र हे सुचत नाही. एक तर टूरची बस, नाही तर विमानतळावरच गाडी घेऊन थेट राजधानीच्या गर्दीत.

आम्ही पोर्तुगालला गेलो तेव्हा 78 वर्षांची आत्या बरोबर होती. लिस्बनमध्ये चार दिवस गाडी घेतलीच नाही. टेकड्यांवरच्या अरुंद गल्ल्या, पार्किंगची मारामार. तिथे मेट्रो आणि ट्रामच बऱ्या. मग रेल्वेने दीडेक तासात एव्होरा या लहान शहरात. तिथल्या सरकारी रेल्वेत 65 पूर्ण झालेल्यांना, अगदी परदेशी पाहुण्यांनाही, निम्म्या दरात तिकीट मिळतं. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा.

आमची एक चूक झाली. आम्ही पोहोचलो रविवारी, आणि गाडी देणाऱ्यांचं कार्यालय बंद. विमानतळावरचे काउंटर रात्रीही उघडे सापडतात. लहान शहरातले शनिवारी दुपारनंतर मिटतात. आत्याला उन्हात बॅगा धरून उभं करावं लागलं, ते मला अजून सलतं. म्हणून आधी कार्यालयाच्या वेळा पाहा, मग रेल्वेचं तिकीट काढा.

आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतूनच मिळतो. त्याची मुदत वर्षाची, आणि मूळ परवानाही सोबत लागतो. अनामत रक्कम अडकवून ठेवतात ती बहुधा क्रेडिट कार्डावर, आणि ते कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर आधीच सांगून ठेवा, कारण साध्या गाडीत गिअर उजव्या हाताला येतो. रस्त्याची बाजूही उजवी. सर्कल उलट्या दिशेने फिरायचं आणि आधीपासून आत असलेल्याला वाट द्यायची. पहिला अर्धा तास मी गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर नुसता सराव केला. तुम्हीही करा, लाजू नका.

पंपावर आत्या कामी आली. 1961 पूर्वी, गोव्यात पोर्तुगीज राज्य असताना, पोर्तुगीज शाळेत शिकलेली ती. 'गासोलिना' म्हणजे पेट्रोल, 'गासोलिओ' म्हणजे डिझेल. नावं इतकी जवळची की माझा हात चुकीच्या नळीकडे गेलाच होता. आत्या खिडकीतून ओरडली, "अरे थांब, ते डिझेल!"

एव्होराहून मोंसाराशला जाताना दोन्ही बाजूंना बुचाची झाडं लागतात. बाटल्यांचं बूच त्यांच्याच सालीचं. साल दर नऊ वर्षांनी सोलतात आणि खोडावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा रंगवतात. आत्याला ते आकडे वाचायचे होते. तिच्यासाठी मी पाच वेळा गाडी थांबवली. काजूच्या बागेत वाढलेली बाई, खोडावरून हात फिरवल्याशिवाय पुढे कशी जाईल? बसने गेलो असतो तर हे घडतं का? मोंसाराश हे तटबंदीतलं गाव. गाडी वेशीबाहेरच ठेवायची आणि चालत आत जायचं.

तीन दिवसांनी टाकी भरून एव्होरालाच गाडी परत केली. दुसऱ्या शहरात सोडली तर वेगळे पैसे पडतात. येताना रेल्वे तेजु नदीवरच्या उंच पुलावरून गेली. पूल 1966 चा, पण त्यावरून रेल्वे धावू लागली 1999 मध्ये. खाली नदी, पलीकडे अख्खं लिस्बन. आत्या आणि मी, दोघेही खिडकीला नाक लावून बसलो होतो.