वितळत्या कथलाचे काम

पडद्यावरचा हिरवा सर्किट बोर्ड अजून रिकामा आहे. त्यावर चमकणारे बारीक चौकोन म्हणजे पॅड. पुढे येणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रॉनिक घटकाची जागा त्यांनीच राखून ठेवली आहे. बोर्डावर आता पोलादाचा पातळ पत्रा, म्हणजेच स्टेन्सिल, टेकतो. त्याला फक्त पॅडच्या जागी छिद्रे असल्यामुळे पाते फिरताच राखाडी पेस्ट नेमकी तिथेच उतरते. कथील, चांदी आणि तांबे यांच्या मिश्रधातूचे सूक्ष्म गोळे फ्लक्समध्ये, म्हणजे धातू स्वच्छ करणाऱ्या रसायनात, कालवून ही पेस्ट तयार केलेली असते.

पुढच्या यंत्राची नळी हवेच्या ओढीने घटक उचलते, कॅमेरा खालून त्याची बैठक तपासतो आणि ०.६ मिलिमीटर लांबीचा रेझिस्टरसुद्धा ठरल्या जागी ठेवला जातो. या वेगाचे कौतुक सगळेच करतात. मात्र या क्षणी घटक केवळ पेस्टच्या चिकटपणावर टिकून आहे, जोडला गेलेला नाही.

जोडणी होते ती ओव्हनमध्ये, आणि हे दृश्य सावकाश पाहण्याजोगे आहे. बोर्ड पट्ट्यावरून सरकत टप्प्याटप्प्याने तापतो, फ्लक्स धातूवरचा ऑक्साइडचा थर काढून टाकतो आणि सुमारे २१७ अंश सेल्सिअसला मळकट पेस्ट एकाएकी आरशासारखी लखलखते. त्याच क्षणी किंचित तिरका बसलेला कपॅसिटर, कोणीही हात न लावता, हलकेच वळून सरळ होतो. द्रवरूप धातूच्या पृष्ठताणाने त्याला पॅडच्या मध्यावर ओढून घेतलेले असते. एका टोकाची पेस्ट आधी वितळली, तर हीच ओढ घटकाला उभा करून ठेवते. म्हणून दोन्ही पॅडना सारखी उष्णता मिळेल, याची काळजी आराखडा काढतानाच घ्यावी लागते.

जड कनेक्टरांचे पाय मात्र आजही छिद्रांतून आरपार घालतात आणि सोल्डरच्या, म्हणजे जोडणीच्या वितळलेल्या मिश्रधातूच्या, लाटेवरून बोर्ड नेतात.

शेवटचे टेबल तंत्रज्ञाचे आहे. सूक्ष्मदर्शकाखाली चिपच्या दोन पायांमध्ये सोल्डरचा पूल झालेला दिसतो. तंत्रज्ञ त्यावर तांब्याची विणलेली वात ठेवते, वरून तापलेले सोल्डरिंग आयर्न टेकवते आणि जादा धातू वातीत शोषला जातो. घटकांवर कठीण राळ ओतलेली असेल, तर या हाताला तिथे वाव उरत नाही आणि एका सांध्यापायी अख्खा बोर्ड भंगारात जातो. इथे तशी राळ नाही. वात उचलली जाते, आणि दोन पाय पुन्हा वेगळे दिसू लागतात.