नव्याचा सण: रोश हशाना ख्रिस्ती माणसाला काय सांगतो?

नमस्कार, सलाम मंडळी.

हे बघा, टेबलावर सफरचंदाच्या फोडी आहेत आणि वाटीत मध. रोश हशानाच्या संध्याकाळी ज्यू घरांत हेच मांडलेलं असतं. फोड मधात बुडवायची, तोंडात टाकायची आणि म्हणायचं, नवं वर्ष गोड जावो. 2026 मध्ये हा सण 11 सप्टेंबरच्या सूर्यास्ताला लागतो, गणपतीच्या जेमतेम तीन दिवस आधी. ज्यू कालगणनेचं 5787 वं वर्ष तेव्हा सुरू होतं.

आणि हा सण आपल्याला वाटतो तितका परका नाही. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, ज्यांना गावात ‘शनिवार तेली’ म्हणायचे (तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद), ते याला चक्क मराठीत ‘नव्याचा सण’ म्हणत. त्याच्या मागोमाग ‘खिरीचा सण’. नव्या धान्याची खीर!

आता बायबल उघडा आणि हे नवं वर्ष शोधा. सापडायचं नाही. लेवीय 23:24 मध्ये फक्त एवढंच आहे: सातव्या महिन्याचा पहिला दिवस, काम बंद, पवित्र मेळा, आणि कर्णे वाजवून स्मरण. उलट निर्गमाच्या 12 व्या अध्यायात देव सांगतो, वर्षाचा पहिला महिना वल्हांडणाचा, म्हणजे मिसरातून सुटका झाल्याच्या सणाचा. मग सातव्या महिन्यात नवं वर्ष कुठून आलं?

अहो, आपल्याकडे वर्ष किती वेळा सुरू होतं ते मोजा ना. गुढीपाडव्याला एकदा, दिवाळीच्या पाडव्याला व्यापाऱ्याच्या वहीत, 1 एप्रिलला सरकारदरबारी, जूनमध्ये शाळेत. ज्यूंच्या मिश्ना ग्रंथातही चार नवी वर्षं आहेत: एक राजांच्या कारकिर्दीचं आणि सणांचं, एक गुरांच्या दशमांशाचं, एक झाडांचं, आणि एक वर्षं मोजायचं. हे शेवटचं म्हणजे रोश हशाना.

या सणाचा आवाज आहे शोफारचा. शोफार म्हणजे शिंग, बहुधा मेंढ्याचं. एक लांब सलग सूर, मग तीन हुंदके दिल्यासारखे, मग नऊ तुटक. असे मिळून 100 सूर फुंकायची पद्धत बहुतेक सभास्थानांत आहे. मेंढाच का? तर या सणात अब्राहाम आणि इसहाकाची गोष्ट वाचतात. मुलाच्या जागी बळी द्यायला झुडपात शिंगं अडकलेला मेंढा मिळाला, तोच हा. गंमत म्हणजे 2026 ला पहिला दिवस शनिवार येतोय, आणि शब्बाथाला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, परंपरेने शोफार फुंकत नाहीत. म्हणजे आवाज ऐकायला रविवारपर्यंत थांबा.

आता ख्रिस्ती लोक याकडे कसे बघतात? बहुतेक जण थेट शेवटच्या काळाकडे उडी मारतात. पौल 1 करिंथ 15 मध्ये ‘शेवटच्या कर्ण्या’बद्दल लिहितो, 1 थेस्सलनीका 4 मध्येही देवाचा कर्णा वाजतो. त्यावरून मांडणी अशी: वल्हांडण क्रूसावर पूर्ण झाला, पेन्टेकॉस्टला आत्मा आला, आता पुढचा सण कर्ण्यांचा, म्हणजे प्रभूचं येणं. मांडणी देखणी आहे. पण मग लोक कॅलेंडर घेऊन बसतात. अमेरिकेत एका माजी इंजिनिअरने पुस्तक लिहून तारीखच जाहीर केली होती: 11 ते 13 सप्टेंबर 1988. रोश हशाना! 2026 मध्ये नेमक्या त्याच तारखा येतायत, तेव्हा व्हॉट्सॲपवर काय काय फिरेल याची मी तयारी ठेवली आहे.

एक युक्तिवाद हमखास येतो. ‘तो दिवस, ती घटका कोणाला ठाऊक नाही’ हे येशूचं वाक्य याच सणाबद्दल आहे म्हणे, कारण चंद्रकोर दिसल्याशिवाय सण ठरत नसे. पण त्या काळी प्रत्येकच महिना चंद्रकोरीवर ठरायचा! मग हाच का?

मला विचाराल तर सणाचा गाभा लेवीयमधल्या त्या एका शब्दात आहे: स्मरण. या दिवसाचं एक नावच ‘आठवणीचा दिवस’. सारा, राहेल आणि हन्ना, तिघी निपुत्रिक, आणि तिघींची आठवण देवाने रोश हशानालाच केली, असं ज्यूंचा तालमूद ग्रंथ सांगतो. म्हणून पहिल्या दिवशी सभास्थानात हन्नाची गोष्ट वाचतात. मुलासाठी प्रार्थना करताना तिचे फक्त ओठ हलतायत, आणि एली याजकाला वाटतं ही प्यायलेली आहे.

आता 1 शमुवेल 2 उघडा, शेजारी लूक 1 ठेवा. हन्नाचं गाणं आणि मरीयेचं गाणं. बलवानांना खाली ओढणं, भुकेल्यांना तृप्त करणं, दीनांना उंचावणं, सगळं तेच. मरीया शेवटाकडे म्हणते, देवाने आपली दया आठवली. आणि त्याच अध्यायातला जखऱ्या, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप, त्याच्या नावाचा हिब्रू अर्थच ‘यहोवाने आठवण केली’! आपण ही गाणी नाताळच्या सुमारास वाचतो, आणि हन्ना मात्र सप्टेंबरमध्ये एकटी राहते.

मग ख्रिस्ती माणसाने हा सण पाळावा का? पौल कलस्सै 2 मध्ये म्हणतो, सणावरून कोणी तुमचा न्याय करू नये. सक्ती नाही, बंदीही नाही. बंदी घालायचा प्रयत्न मात्र होऊन गेलाय: 386 साली आजच्या तुर्कस्तानातल्या अंत्युखिया शहरात योहान ख्रिसोस्तोम हे मोठे उपदेशक व्यासपीठावरून कडाडले, कारण त्यांच्याच मंडळीतले लोक कर्णे ऐकायला ज्यूंच्या सभास्थानात जात होते. त्या प्रवचनांतली ज्यूंबद्दलची भाषा इतकी विखारी आहे, की पुढे शतकानुशतकं द्वेष करणाऱ्यांनी ती वापरली. म्हणून ऑनलाइन शोफार मागवून चर्चच्या स्टेजवर फुंकण्याआधी मी थोडा थांबेन. ओळखीतलं ज्यू घर असेल तर आधी त्यांना ‘शाना तोवा’ म्हणा, शुभ वर्ष.

आणि 11 च्या संध्याकाळी हन्नाचे ते दोन अध्याय, 1 शमुवेल 1 आणि 2, वाचा. दहा मिनिटं लागतात. तोवर मी हे सफरचंद संपवतो, काळं पडायला लागलंय.