व्हिएन्नातली एक मोकळी दुपार

श्रोतेहो, नमस्कार.

परदेशच्या सहलीतून येताना आपण सगळ्यांसाठी काही ना काही आणतो. नातवंडांना चॉकलेटं, जावांना पर्स, शेजाऱ्यांना फ्रिजवर चिकटवायची चित्रं. स्वतःची वेळ आली की मात्र मनातल्या मनात युरोचे रुपये करतो आणि "राहू दे, कशाला" म्हणून पुढे जातो. व्हिएन्नात एका दुपारी मी ते "राहू दे" बाजूला ठेवलं. त्या दुपारबद्दल आज सांगायचंय.

सहलीतला तो मोकळा दिवस होता. बरोबरची मंडळी खरेदीला गेली, मी मारिया थेरेसिया चौकात उतरले. तिथे दोन जुळ्या इमारती समोरासमोर उभ्या आहेत. एक निसर्गविज्ञानाचं संग्रहालय, दुसरं कलेचं. कलेचं ते कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम, सम्राट फ्रान्झ योझेफच्या हस्ते १८९१ साली उघडलेलं. ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याने पिढ्यान् पिढ्या जमवलेला खजिना आहे तो. जिना चढताना मान वर करा. कमानींच्या कोपऱ्यांत तरुण गुस्ताव क्लिम्टने रंगवलेल्या आकृती आहेत.

सगळं बघायचं नाही, हे माझं आधीच ठरलं होतं. दालनांतून धावत सुटलं की शेवटी दुखरे पाय तेवढे लक्षात राहतात. मी एकाच चित्रकाराकडे गेले, पीटर ब्रॉयगेलकडे. त्याची जेमतेम चाळीसएक चित्रं आज शिल्लक आहेत आणि त्यांतली डझनभर इथे आहेत. 'बर्फातले शिकारी' हे १५६५ सालचं चित्र त्यांतलंच. तीन दमलेले शिकारी, पाठीमागे मान खाली घातलेली कुत्री, आणि एवढ्या वणवणीनंतर भाल्याला लटकलेला एकच कोल्हा. बघताना अंगावर शाल ओढून घ्यावीशी वाटते.

पण मी खिळले ती 'शेतकऱ्याच्या घरचं लग्न' या चित्रापुढे. अहो, ही तर आपली पंगत! धान्याच्या कोठारात लांबच लांब टेबल मांडलंय. मोठं ताट नाही म्हणून दारच बिजागऱ्यांवरून काढलंय आणि त्यावर वाडगे ठेवून दोघे वाढपी ते उचलून आणताहेत. जमिनीवर बसलेलं एक पोर मोरपीस खोवलेली, डोळ्यांवर आलेली टोपी घालून बोटं चाटतंय. वाजंत्रीवाला फुंकायचं सोडून वाडग्यांकडे टक लावून बघतोय. आणि हिरव्या कापडापुढे नवरी, हात जुळवून, डोळे अर्धे मिटून. सगळे जेवताहेत, ती एकटी गप्प. माझ्या लग्नात मुंडावळ्यांआडून मी अशीच बसले होते, भूक लागलेली असूनही. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या, कुठल्या तरी लांबच्या गावातल्या त्या मुलीला मी ओळखलं आणि माझे डोळे भरून आले.

तिथे बसायला मऊ कोच आहेत. मी अर्धा तास बसले. कुणी उठवलं नाही.

मग मधल्या मोठ्या घुमटाखाली आले. तिथे कॅफे आहे. संगमरवरी खांब, वर नक्षीने भरलेलं छत. एरवी मी पाण्याची बाटली काढून पर्समधला चिवडा खाल्ला असता. त्या दिवशी खुर्ची ओढून बसले. मेलांज मागवली, म्हणजे वर दुधाचा फेस असलेली तिथली कॉफी, आणि झाखरटोर्टे या चॉकलेट केकचा एक तुकडा. नाव आपल्या साखरेसारखं वाटतं, पण झाखर हे तो करणाऱ्याचं आडनाव. १८३२ मध्ये सोळा वर्षांच्या फ्रान्झ झाखरने तो पहिल्यांदा केला म्हणतात. चॉकलेटच्या कवचाखाली जर्दाळूच्या मुरांब्याचा पातळ थर असतो. शेजारी बिनसाखरेची फेटलेली साय. केक गोड, साय अळणी, मध्येच जर्दाळूची आंबट चव. बरोबर पाण्याचा छोटा पेला येतोच, ती तिथली रीत. आयुष्यात पहिल्यांदा मी अख्खा तुकडा एकटीने, कुणालाही "घे ना थोडा" न म्हणता खाल्ला. सावकाश.

बिल दिलं, रुपये केले नाहीत, आणि पुन्हा त्या लग्नघरी गेले. या वेळी दिसलं, वाढप्याच्या टोपीत एक लाकडी चमचा खोवलेला आहे. मघाशी तो माझ्या नजरेतून सुटला होता. मी परत कोचावर टेकले.