चित्र आत घेताना त्याचे नाव हरवू नये

मित्रहो, कॉम्फीयूआय हे कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्रे घडवणारे सॉफ्टवेअर समोर बसलेल्या बहुतेकांनी वापरलेले आहे; त्यामुळे नोड म्हणजे एकेक काम करणारी चौकट आणि या चौकटी तारांनी जोडायच्या, याहून अधिक सांगण्यात मी वेळ घालवत नाही. २०२३ च्या जानेवारीत हे सॉफ्टवेअर आले, तेव्हापासून आपण चित्र घडवणारे मॉडेल आणि ते टप्प्याटप्प्याने चालवणारा सॅम्पलर यांविषयीच बोलत आलो आहोत. चित्र आत घेणाऱ्या 'लोड इमेज' या पहिल्याच नोडचा विचार कोणी करत नाही. जुन्या छायाचित्रांच्या दुरुस्तीत सर्वांत जिव्हारी लागणारी चूक तिथेच घडते, असे माझे ठाम मत आहे, आणि ते कसे बनले हे आधी सांगितले पाहिजे.

खानापूर तालुक्यातील एका कुटुंबाने मला घरातील जुनी छायाचित्रे दिली होती. आजोबांच्या वर्षश्राद्धाला त्यांची तसबीर लावायची होती. आजोबा आणि त्यांचे धाकटे बंधू, दोघांनीही तरुणपणी एकाच स्टुडिओत, त्याच रंगवलेल्या पडद्यापुढे, तसाच फेटा बांधून छायाचित्र काढून घेतले होते. पाठीमागे नावे होती, एकावर मराठीत, दुसऱ्यावर कन्नडमध्ये; आपल्या भागातल्या घरांत हे नवीन नाही. स्कॅनरने मात्र फाइलींना नुसते आकडे दिले. मी तेव्हा वापरत होतो त्या आवृत्तीतील लोड इमेज नोड इनपुट फोल्डरमधील नावांची केवळ यादी पुढे करी. चित्र निवडल्यानंतरच दिसे. शिवाय ही यादी अक्षरक्रमाने लागते, त्यामुळे १ नंतर २ न येता १० येतो, आणि आकड्यांच्या भरवशावर चालणारा माणूस तिथेच चुकतो. पुढे जतन होताना मूळ आकडाही गेला, कारण बाहेर पडणाऱ्या फाइलीला सॉफ्टवेअर स्वतःचा नवा क्रमांक देते. बुरशीने खाल्लेला गालाचा भाग मॉडेलने इतका सफाईने भरला की शंका घ्यायलाही जागा उरली नाही. तसबीर घरी पोहोचली, आणि आजी तिच्यासमोर उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या, "हे आमचे नव्हेत, हे धाकले भाऊजी." मी दुसरी तसबीर करून दिली, पण श्राद्धाचा दिवस उलटून गेला होता.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे, तेव्हा जोड-साधनांविषयी, म्हणजे इतरांनी बनवलेल्या जादा नोडांविषयी, जे सांगायचे ठरवले होते ते आता थोडक्यातच सांगतो. डब्ल्यूएएस नोड सूट या संचातील 'लोड इमेज बॅच' हा नोड फोल्डरचा पत्ता घेऊन प्रत्येक खेपेला पुढचे चित्र देतो आणि त्यासोबत फाइलीचे नावही मजकूर म्हणून बाहेर काढतो. ते नाव जतन करणाऱ्या नोडच्या नामपूर्वपदाला, म्हणजे नव्या फाइलनावाच्या सुरुवातीच्या भागाला, जोडले, की मूळ ओळख शेवटपर्यंत टिकते. मला एवढेच हवे होते. इन्स्पायर पॅक या दुसऱ्या संचातील फोल्डर वाचणारा नोड चित्रांची सूची देतो. सूची आणि बॅच, म्हणजे एकत्र बांधलेला चित्रांचा गठ्ठा, यांत घोटाळा करू नका: बॅचमधील सर्व चित्रे एकाच मापाची असावी लागतात, सूचीत मात्र प्रत्येक चित्र आपल्या मापाने पुढे जाते, म्हणून वेगवेगळ्या आकारांच्या जुन्या प्रतींसाठी सूचीच योग्य. फाइलींना ००१ पासून क्रमांक द्या आणि त्यापुढे व्यक्तीचे नाव लिहा. छायाचित्रात पारदर्शकतेचा थर नसेल, तर लोड इमेज नोडमधून येणारा मास्क, म्हणजे चित्राचा कोणता भाग बदलायचा ते दाखवणारा थर, रिकामाच असतो. त्यावर विसंबून डाग निवडले जाणार नाहीत, ते हाताने रंगवावे लागतात.

आणखी एक गोष्ट घाईत सुटू नये. ही साधने म्हणजे कस्टम नोड्स फोल्डरमध्ये ठेवलेली पायथन आज्ञावली असते, आणि ती तुमच्या संगणकावर तुमच्याच अधिकारांनी चालते. लोकांनी विश्वासाने दिलेले घरगुती छायाचित्रसंग्रह त्याच संगणकावर असतात, म्हणून आज्ञावली जिथून उतरवता ते मूळ भांडार कोणाचे आहे आणि त्यात काय आहे हे पाहिल्याशिवाय काहीही बसवू नका.

आता खानापूरच्या त्याच घरातील दोन्ही बंधूंची छायाचित्रे पडद्यावर लावतो. या वेळी खालच्या फाइलनावांत दोघांचीही नावे आहेत.