बंद दारापुढची दोन मुलं : ‘बॉन व्हॉयाज, चार्ली ब्राउन’विषयी

(उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी चित्रपट दाखवल्यानंतर पालकांपुढे केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार. मुलं बाहेर सरबत प्यायला गेली आहेत, ती परत येईपर्यंत मला तुमच्याशी बोलायचं आहे. हा चित्रपट मी निवडला तेव्हा दोन-तीन पालकांनी विचारलं होतं, ‘इतका जुना कशाला? हल्लीच्या मुलांना आवडेल का?’ मगाशी पावसाच्या प्रसंगाला सभागृह कसं चिडीचूप झालं होतं ते तुम्ही पाहिलंत. त्यामुळे आवडेल का, या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही. मला का आवडतो, ते सांगते.

चित्रपट १९८० सालचा, मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेत प्रदर्शित झालेला. लांबी जेमतेम सव्वा तास. लेखन चार्ल्स शुल्झ यांचं, दिग्दर्शन बिल मेलेंडेज यांचं. शुल्झ म्हणजे ‘पीनट्स’ या चित्रपट्टीचे जनक. २ ऑक्टोबर १९५० ला ती सुरू झाली आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं त्यांनी ती एकहाती काढली. रेषा त्यांची, अक्षरं त्यांची, विनोदही त्यांचाच. १२ फेब्रुवारी २००० ला ते गेले आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत त्यांचं निरोपाचं रविवारचं चित्र छापून आलं. मेलेंडेज मूळचे मेक्सिकोचे. स्नूपी या कुत्र्याचे आणि त्याचा पक्षी मित्र वुडस्टॉकचे जे चमत्कारिक आवाज ऐकून मघाशी मुलं खिदळत होती, ते त्यांनी स्वतःच काढलेत. ध्वनिमुद्रण करायचं आणि वेग वाढवून वाजवायचं.

चार्ली ब्राउन हा हरणारा मुलगा. त्याचा बेसबॉलचा संघ जिंकत नाही, त्याचा पतंग झाडात अडकतो, व्हॅलेंटाइनच्या दिवशी त्याला कुणाचं कार्ड येत नाही. मूळ चित्रपट्टीत तो वर्षानुवर्षं एका परदेशी मित्राला पत्रं लिहितो. पेनाने लिहायला गेला की डाग पडतात, म्हणून पेन्सिलीने लिहितो. अशा मुलाला एक दिवस फ्रान्सहून पत्र येतं. व्हायोलेट नावाच्या मुलीने त्याला आपल्या गढीवर राहायला बोलावलेलं असतं. आनंदाने उडी मारावी की नाही, हेही त्याला कळत नाही, कारण पत्र फ्रेंचमध्ये आहे आणि ते त्याला वाचता येत नाही. शुल्झना चार्ली ब्राउन किती आतून ठाऊक होता पाहा. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते पत्र आलं, आणि तरीही ते त्याच्या हातात बंदच राहिलं.

मग प्रवास. चार्ली आणि त्याचा मित्र लायनस त्यांच्या शाळेकडून विद्यार्थी-देवाणघेवाणीत निवडले गेलेले, पेपरमिंट पॅटी आणि मार्सी या मैत्रिणी दुसऱ्या शाळेकडून, आणि स्नूपी व वुडस्टॉक कुणीही न निवडता. लंडनचा भाग मला काहीसा पसरट वाटतो. स्नूपी विम्बल्डनला जाऊन पंचाशी हुज्जत घालतो, हाकलला जातो. मुलांना ते आवडतं आणि शुल्झना टेनिसचं वेड होतं, त्यामुळे ते तिथे असणारच. पण चित्रपटाला खरा रंग चढतो तो हॉवरक्राफ्टने इंग्लिश खाडी ओलांडल्यावर. भाड्याने घेतलेली सित्रोएन टूसीव्ही, चक्राशी स्नूपी आणि आत कोंबलेली चार मुलं. ही गाडी १९४८ ते १९९० अशी बेचाळीस वर्षं बनत होती. शेतकऱ्याला बाजाराला जाताना परवडावी म्हणून काढलेली, पत्र्याची, कापडी छपराची. चित्रकारांनी ती नुसती ओळखता येईल एवढीच काढलेली नाही. वळणावर ती एका अंगावर कशी कलते, तेही पडद्यावर उतरवलंय. जो फ्रान्स पाहून आलाय त्याचं हे काम आहे, हे तिथे कळतं.

मी फ्रेंच शिकवते, त्यामुळे मार्सीवर माझा जीव जरा जास्तच आहे. सगळ्यांत हीच एक मुलगी अशी, जी निघण्याआधी अभ्यास करून आली आहे. व्हायोलेटचं पत्र वाचून दाखवते ती हीच. ज्या शेतकरी घरात त्या दोघी उतरतात तिथला पिएर मार्सीशी मोकळेपणाने बोलतो. आणि पॅटी? बिनधास्त, प्रेमळ, सगळीकडे पुढे पुढे करणारी. पिएर आपल्यावरच भाळलाय अशी तिची पक्की समजूत. मार्सी तिचा गैरसमज दूर करायला जाते, पण पॅटीच्या कानात काही शिरत नाही. या प्रसंगांत पॅटीला कुठेही वाईट ठरवलेलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. शुल्झना तीही तितकीच लाडकी आहे. मात्र घरातल्या माणसांशी मनातलं बोलणं होतं ते मार्सीचंच, कारण तिने शब्द गोळा करून आणले होते. माझ्या वर्गात परदेशी जाणारी मुलं येतात तेव्हा व्याकरणाआधी मी त्यांना या दोघींची गोष्ट सांगते.

आता गढीकडे येऊ. तुम्ही मुलांबरोबर परत पाहाल तेव्हा हा भाग सावकाश पाहा. चार्ली आणि लायनस आमंत्रण घेऊन आलेत. दार बंद. हाका मारल्या, उत्तर नाही. रात्र झाली, पाऊस लागला. मुलांच्या अशा चित्रपटांत एव्हाना एखादा गमतीदार द्वारपाल येतो, गाणं म्हणतो आणि दार उघडतो. इथे तसं काही घडत नाही. दोघे बाहेरच झोपतात. वर कुणीतरी आहे हे आपल्याला जाणवत राहतं, आणि त्यांच्या नकळत कुणीतरी त्यांची काळजीही घेतंय. पण ते कोण, आणि बोलावूनही आत का घेत नाही, हे बराच वेळ सांगितलं जात नाही. घरमालक असलेले व्हायोलेटचे काका, बॅरन, यांना बाहेरचं माणूस नको आहे. पोरीने चोरून पत्र धाडलंय. एकाच घरात एकाला पाहुणा हवा आहे आणि दुसऱ्याला नको आहे.

मला वाटतं, परदेशाविषयी मुलांना सांगण्यासारखं याहून खरं फार थोडं असेल. मुलांच्या प्रवासपटांत परदेश म्हणजे आयफेल टॉवर, पाव, मिशा आणि विचित्र उच्चार. इथे परदेश म्हणजे कुणाचं तरी घर. त्या घराला तुमच्या येण्याच्या आधीपासून काही आठवणी आहेत, काही जखमा आहेत, आणि तुम्ही सज्जन असलात तरी तुमच्यासाठी दार लगेच उघडेल असं नाही.

दुसरी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. ‘पीनट्स’च्या दुनियेत मोठी माणसं नसतात. अ‍ॅनिमेशनपटांत शिक्षिका बोलल्या की फक्त ट्रॉम्बोनचा ‘व्हा व्हा व्हा’ असा सूर ऐकू येतो. या चित्रपटात मोठी माणसं चक्क शब्दांत बोलतात. काही चाहत्यांना हा नियमभंग खटकतो. मला तो अगदी जागच्या जागी वाटतो. आपल्या गल्लीत मुलांना मोठ्यांकडे दुर्लक्ष करता येतं. परक्या गावात जेवण, निवारा, रस्ता, सगळं अनोळखी मोठ्यांच्या मर्जीवर असतं. तिथे त्यांचे शब्द ऐकावेच लागतात.

आणि मग उलगडा होतो. चार्लीचे आजोबा महायुद्धात सैनिक म्हणून या भागात होते, आणि व्हायोलेटच्या घराण्याशी त्यांचा ऋणानुबंध होता. पत्र आलं ते त्या जुन्या ओळखीपोटी. या क्षुल्लक, हरणाऱ्या मुलाच्या मागे त्याला माहीत नसलेला कुणीतरी उभा होता. त्यानंतरची आग, धावपळ आणि लायनसचं ते जन्माचं सोबती पांघरूण शेवटी कुणाच्या तरी जिवासाठी कामी येणं, हे सगळं मुलांनी टाळ्या वाजवत पाहिलंच, त्यात मी अधिक काही सांगायला नको.

ही गढी शुल्झनी मनाने रचलेली नाही. ते १९२२ चे. विशीत सैन्यात भरती झाले आणि त्याच सुमारास, १९४३ मध्ये, त्यांची आई कर्करोगाने गेली. आईला निरोप देऊन आलेला हा मुलगा १९४५ च्या सुरुवातीला विसाव्या चिलखती डिव्हिजनबरोबर फ्रान्समध्ये उतरला. जर्मनीकडे कूच करण्याआधी त्याच्या तुकडीचा मुक्काम नॉर्मंडीत रूआँजवळच्या माल्व्हॉझिन नावाच्या गढीवर होता. तिथे त्याच्या वहीत चित्रं काढणं चालूच होतं. पुढे तीसेक वर्षांनी, जगप्रसिद्ध झाल्यावर, शुल्झ ती गढी पाहायला परत गेले, आणि त्या भेटीतून या चित्रपटाची कल्पना निघाली. हे कळल्यावर मी चित्रपट पुन्हा पाहिला तेव्हा पावसात दाराबाहेर बसलेला चार्ली मला वेगळाच दिसला. वयाने आठ वर्षांचा, पण त्याच्या चेहऱ्यावरची भांबावलेली उदासी एका बावीस वर्षांच्या सैनिकाची आहे.

विद्यार्थ्यांची देवाणघेवाण हा कथेतला धागाही हवेतून आलेला नाही. पहिल्या महायुद्धात काही अमेरिकन तरुण स्वयंसेवक म्हणून फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत होते. अमेरिकन फील्ड सर्व्हिस हे त्यांच्या संघटनेचं नाव. दुसऱ्या महायुद्धातही त्यांनी तेच काम केलं. ते संपल्यावर, जखमी वाहून नेणाऱ्या याच मंडळींनी ठरवलं की आता शाळकरी मुलं एकमेकांच्या देशांत पाठवायची, हॉटेलात न ठेवता कुटुंबात ठेवायची. १९४७ पासून मुलं जाऊ लागली. आज आपल्याकडची मुलं अशा योजनांतून युरोपात जातात तेव्हा अर्जाच्या कागदांत हा इतिहास कुठे लिहिलेला नसतो. चार्ली ब्राउनच्या गोष्टीत मात्र तो आहे. आजोबा बंदूक घेऊन गेले, नातू सुटकेस घेऊन जातो.

चित्रपटाचं संगीत एड बोगस आणि जूडी मन्सन यांचं. ‘पीनट्स’ला ज्यांनी पियानोवरचा जॅझ दिला ते व्हिन्स ग्वाराल्डी १९७६ मध्येच वारले होते. त्यांची उणीव लंडनच्या भागात भासते, गढीवर भासत नाही.

या कथेला ‘व्हॉट हॅव वी लर्न्ड, चार्ली ब्राउन?’ हा पुढचा भाग आहे आणि तो आवर्जून शोधून पाहा. १९८३ मध्ये, अमेरिकेत युद्धातल्या मृतांचं स्मरण करतात त्या दिवशी, तो दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. हीच मुलं परतीच्या वाटेवर आहेत. वाटेत ऑमाहा बीच लागतो, जिथे ६ जून १९४४ ला अमेरिकन सैनिक उतरले. मग बेल्जियममधलं यप्र लागतं, पहिल्या महायुद्धातली रणभूमी. लायनस तिथे जॉन मॅक्रे या कॅनडाच्या लष्करी डॉक्टरची, पॉपीच्या रानटी लाल फुलांची कविता म्हणतो. मॅक्रेनी ती मे १९१५ मध्ये यप्रजवळच लिहिली होती. कार्टूनमधल्या मुलांना खऱ्या रणभूमीवर उभं करायचं, हे धाडस तेव्हा किती जणांनी केलं असतं? त्या भागाला पुढे पीबडी हा अमेरिकेतला प्रसारणमाध्यमांसाठीचा पुरस्कार मिळाला.

इथे बसलेल्या पुणेकरांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण लायनस जिथे उभा राहतो त्याच्या दक्षिणेला, सीमेपलीकडे फ्रान्समध्ये, न्यव्ह-शापेल नावाचं गाव आहे. २८ ऑक्टोबर १९१४ ला त्या गावावर ४७ व्या शीख पलटणीच्या जोडीने खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्यांनी चढाई केली. पूल बांधणं, खंदक खणणं हे त्यांचं काम. त्या दिवशी ते संगिनी लावून घरोघरी लढले, आणि त्यांचे बहुतेक अधिकारी आणि कितीतरी जवान परत आले नाहीत. तिथे १९२७ मध्ये भारतीय सैनिकांचं स्मारक उभं राहिलं. तुमच्यापैकी कुणाचं मूल पुढेमागे पॅरिसला जाणार असेल, तर उत्तरेकडे एक दिवस ठेवायला सांगा. चार्ली ब्राउनला पत्र आल्यावर आजोबांचा पत्ता लागला. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत तसं पत्र येणार नाही, तेव्हा आपल्यालाच जाऊन नावं वाचायला हवीत.

दुसरा भाग अर्ध्या तासाचाच आहे. दहा वर्षांखालच्या मुलांबरोबर पाहणार असाल तर शेजारी बसा, कारण ऑमाहा आलं की रेषांच्या जागी युद्धाचं खरं चित्रण दिसू लागतं आणि मुलं लगेच विचारतात, ‘ही खरी माणसं आहेत का?’