रणगाडा विकून बांधलेली शाळा

नमस्कार श्रोतेहो. कार्यक्रमपत्रिकेत आजच्या भाषणाचं नाव आहे ‘कलाशिक्षण आणि देशोदेशींची देवाणघेवाण’. नाव भारदस्त आहे, पण मी सुरुवात करणार आहे रणगाड्यापासून.

उत्तर इटलीत रेज्जो एमिलिया नावाचं शहर आहे. पिझ्झ्यावर भुरभुरवतात ते पार्मेजान चीज त्याच भागातलं. साल 1945. तिथलं युद्ध संपून जेमतेम आठवडा झालेला. लोरिस मालागुझ्झी नावाच्या एका तरुण मास्तराच्या कानावर आलं की जवळच्या व्हिला चेल्ला गावात लोक लहान मुलांसाठी शाळा बांधतायत. त्याला खरं वाटेना. घरांचाच जिथे पत्ता नाही तिथे शाळा कसली? सायकल काढली आणि निघाला.

पोचला तर बाया विटा धूत बसलेल्या. बॉम्बनं पडलेल्या घरांच्या विटा. जुना चुना खरवडायचा, वीट धुवायची, रचून ठेवायची. यानं विचारलं, पैसे कुठून आणणार? उत्तर तयार होतं: पळून जाताना जर्मन सैन्यानं एक रणगाडा, काही ट्रक आणि थोडे घोडे मागे टाकलेत, ते विकू. जागा? एका शेतकऱ्यानं दिलीय. वाळू? नदीत आहे की. आणि मजुरी? रात्री आणि रविवारी आम्हीच राबू.

नीट ऐका हं, रणगाडा विकून बालवाडी. त्या पैशात गावाला काय काय करता आलं असतं! आपल्याकडे पहिली कमान झाली असती, मग कमानीवर नावं कुणाची यावरून भांडण. असो. साधारण आठ महिन्यांत शाळा उभी राहिली. मास्तर सायकलवरून घरी परतला खरा, पण 1994 साली वारला तोवर तो या शाळांचाच होता.

पुढे 1963 साली शहराच्या पालिकेनं स्वतःची पहिली बालशाळा काढली. हो, पालिकेनंच. या शाळांत चित्रं, मातीकाम असल्या कलाकामाची एक खोली असते आणि तिथे कलेचं शिक्षण घेतलेला माणूस नेमलेला असतो. तो शुक्रवारच्या शेवटच्या तासापुरता येत नाही, रोज असतो.

पण हे जगाला कळलं कसं? तर तिथल्या शिक्षकांना एक सवय. मुलं काम करताना काय बोलतात ते लिहून ठेवायचं. पुन्हा सांगतो, चित्र जपायचंच, पण ते काढताना मूल काय बोललं तेही लिहायचं. तिथल्या एका शाळेत नवं टेबल हवं होतं, सुताराला माप द्यायचं होतं. ते काम मुलांनी अंगावर घेतलं. आधी बोटांनी मोजलं, मग हातांनी, शेवटी एका पोराच्या बुटानं. आपल्या आज्या वीत, मूठ, हात करत मोजायच्या, तेच. शिक्षकांनी मध्ये तोंड घातलं नाही, टिपत राहिले. अशाच टिपणांचं, फोटोंचं आणि चित्रांचं प्रदर्शन 1981 साली स्टॉकहोमला गेलं, 1987 साली अमेरिकेत पोचलं. 1991 साली ‘न्यूजवीक’ या अमेरिकन साप्ताहिकानं तिथल्या एका शाळेला जगातल्या उत्तम शाळांत बसवलं आणि मग देशोदेशीच्या शिक्षकांची रीघ लागली.

आता आपल्या शहरांतही बालवाड्यांवर ‘रेज्जो पद्धती’च्या पाट्या दिसतात. फी ऐकून धाप लागते. गंमत म्हणजे रेज्जोवाले कुणाला शाखा देत नाहीत. या, बघा, आपल्या गावाला जमेल ते करा, एवढंच म्हणतात. आणि जाता जाता, चित्रकला स्पर्धेत पाच वर्षांच्या पोरांना पहिला-दुसरा नंबर देणं बंद करा हो! तिसरा आलेला पोरगा आईच्या तोंडाकडे बघतो, ते मला बघवत नाही.

तर लिहून ठेवायचं. परवा माझ्या नातीचा एक कागद मी रद्दीत टाकणार होतो. नुसतं काळं फरकाटलेलं. सून म्हणाली, बाबा, मागे बघा. मागे पेन्सिलीनं तारीख घातलेली, आणि खाली पोरीचे शब्द: ‘ही म्हैस नाही, म्हशीची सावली आहे. म्हैस उठून गेली.’